शके १७९८-९९ च्या दुष्काळाचीं छायाचित्रें

इ. स. १८७६-७८ च्या दुष्काळाचीं जीं छायाचित्रें पुनःपुन्हा छापलीं जातात, त्यांपैकीं पुष्कळ मद्रास इलाख्यांत हूपर या लष्करी अधिकाऱ्यानें घेतलेलीं आहेत. अस्थिपंजर माणसें ओळीनें बसविलेलीं. नांव सहसा कोणाचेंच नाहीं. तीं पाहतां सगळा दोष पर्जन्यावर जातो. १८७६ सालीं पाऊस चुकला, हें खरेंच. परंतु धान्याची निर्यात चालूच होती, हें भिंगास दिसत नाहीं, दप्तरांतच सांपडतें. आमच्या मुंबई इलाख्यांतहि १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांनीं दुष्काळी कामावरील मजुरी दिवसास एक पौंड धान्य व वर थोडे पैसे, इतकी खालीं आणली. तेव्हां हजारों मजूर कामें सोडून गेले, व पुण्याच्या सार्वजनिक सभेनें त्यांची बाजू सरकारापुढें मांडली. चित्रांतील मूक माणसांशेजारीं हे कागद ठेवावे, असें आम्हांस वाटतें.

दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोंच १८७८ चा जंगलचा कायदा आला. कंदमुळें, पाला, चराई हा अवर्षणांतला शेवटचा आधार; तोहि राखीव रानांत अडकला. जोतीराव फुले यांनीं 'शेतकऱ्याचा असूड' यांत गायरानें जंगलखात्यानें गिळल्याची तक्रार केली आहे, ती याच संदर्भांत वाचावी.

संग्राहकांस एक विनंती. असें चित्र हातीं आल्यास तें पुठ्ठ्यावरून सोडवूं नये, पाठीमागील मजकूर खोडूं नये. आणि कुळकर्णी दप्तरांतील त्या सालांचे मोडी कागद क्षुल्लक हिशेब म्हणून रद्दींत घालूं नयेत.