कोर्लई : किल्ला आणि 'नौ लिंग'

आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशाला समुद्र नाही. सुट्टीत कोकणात जाणाऱ्या भाविकांनी अलिबागच्या दक्षिणेस असलेले कोर्लई अवश्य पाहावे. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील हे गाव कुंडलिका नदीच्या मुखाशी आहे. पलीकडच्या तीरावर रेवदंडा. समुद्रात शिरलेल्या डोंगराच्या चिंचोळ्या सोंडेवरील किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला व १७४० मध्ये तो मराठ्यांकडे गेला. आत जुन्या चर्चचे अवशेष आहेत, पायथ्याशी दीपगृह आहे.

पर्यटक बहुधा एवढे पाहून परततात. गावातील ठेवा मात्र कानांनी घ्यावयाचा आहे. पोर्तुगीज सत्ता गेली, तरी येथील ख्रिस्ती कुटुंबांत 'नौ लिंग', म्हणजे 'आमची भाषा', टिकून राहिली. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज, वाक्याचे वळण पुष्कळसे मराठी. क्रियापद शेवटी येते. ती बोलणारे उरले आहेत हजाराच्या आसपास. माउंट कार्मेल मातेच्या या धर्मग्रामात मुलांची शाळा मराठीत होते, नोकरीसाठी तरुण शहरांकडे जातात आणि भाषा आजी-आजोबांच्या ओसरीपुरती आक्रसत चालली आहे. घरी माडिया व शाळेत मराठी बोलणाऱ्या गडचिरोलीच्या मुलांना ही ओढाताण परिचयाची आहे.