महावस्तुमानी तारे व वायुमेघांचे विघटन

सूर्याच्या आठपटींहून अधिक वस्तुमानाचे तारे ज्या थंड रेणवीय मेघात जन्मतात, तोच मेघ ते तरुणपणी पोखरून पांगवतात. मेघाचे मूळ तापमान जेमतेम १०–२० केल्विन असते. ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीच्या अतिनील किरणांनी हायड्रोजनच्या अणूतला इलेक्ट्रॉन सुटतो आणि वायू सुमारे १०,००० केल्विनपर्यंत तापतो. हा आयनित प्रदेश कुठवर पोचेल, याचे गणित बेंग्ट स्ट्रोमग्रेन यांनी १९३९ मध्ये मांडले. दाब वाढल्याने तो प्रदेश फुगतो. शिवाय ताऱ्यावरून सुटणारा वेगवान वारा आतून पोकळी कोरतो. यातून नवे तारे जन्मतात की जन्मायचे थांबतात, हा खरा प्रश्न आहे. पुराव्याचे पारडे थांबण्याकडे झुकते.

अंधाऱ्या रात्री कुंभार पिंपळगावच्या (जि. जालना) शिवारातूनही मृग नक्षत्रात, बाणाच्या दक्षिणेला, नुसत्या डोळ्यांना धूसर ठिपका दिसतो. सुमारे १,३५० प्रकाशवर्षे दूर असलेला हा तेजोमेघ मुख्यतः एकाच महावस्तुमानी ताऱ्याने उजळलेला आहे. असे आयनित प्रदेश धुळीआडूनही रेडिओ लहरींत दिसतात. जुन्नर तालुक्यातील खोडदच्या जीएमआरटी दुर्बिणीच्या, ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांनी त्यांचे नकाशे काढले आहेत. कमी कंप्रतेला दाट आयनित वायू स्वतःचेच प्रारण अडवतो; तो कुठल्या कंप्रतेला पारदर्शक होतो, त्यावरून घनता काढता येते. आयनित प्रदेशाची कड आयनित कार्बनच्या १५८ मायक्रोमीटर रेषेत दिसते. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने हैदराबादहून फुग्याने उंच नेलेल्या एक मीटर व्यासाच्या दुर्बिणीने ही रेषा टिपली. याच रेषेच्या आधारे २०१९ मध्ये ‘सोफिया’ या विमानातील वेधशाळेने मृगातले वायूचे कवच सेकंदाला १३ किलोमीटर वेगाने प्रसरण पावत असल्याचे दाखवले. ते ढकलणारा मुख्यतः ताऱ्याचा वारा आहे.

तारकानिर्मिती थांबते, यावर आक्षेप असा, की दाबलेल्या कडांवरच नवे तारे जन्मतात. ब्रूस एल्मग्रीन व चार्ल्स लाडा यांनी १९७७ मध्ये हीच साखळी सुचवली. हबलने १९९५ मध्ये टिपलेल्या गरुड तेजोमेघातील स्तंभांच्या टोकांनाही तरुण तारे आढळतात. पण तिथली दाट गाठ आधीपासूनच असू शकते आणि भोवतालचा विरळ वायू झडल्यावर ती उघडी पडलेली असू शकते. शेजार म्हणजे कार्यकारणभाव नव्हे. ताऱ्यांची वये अंतराशी जुळतात का, हेही तपासावे लागते. दुसरा आक्षेप असा, की खळबळ व चुंबकीय क्षेत्रेही तारकानिर्मिती रोखतात. ती निर्मिती मंद करतात हे खरे, पण वायू हाकलून लावत नाहीत. पन्नास लाख वर्षांहून जुन्या तारकागुच्छांभोवती मूळ मेघ सहसा उरलेला नसतो आणि बऱ्याचदा तो पहिल्या अतिनवताऱ्याच्या स्फोटाआधीच गेलेला असतो. मेघाच्या वस्तुमानापैकी काही टक्केच ताऱ्यांत उतरतात, ते मुख्यतः यामुळे. कडांवरचे जन्म नाकारण्याचे कारण नाही. मात्र पांगलेल्या वायूच्या हिशेबात त्यांचा वाटा लहान ठरतो.