अठरा पूर्ण झाल्यावर

अनाथाश्रमांबद्दल लिहिणारे बहुतेक जण मूल आत येतं त्या दिवसापाशी रमतात. पाळणा, दुष्काळ, देवळाच्या पायरीवर सापडलेलं बाळ. मला कुतूहल आहे ते दुसऱ्या दाराचं, ज्यातून तेच मूल मोठं होऊन बाहेर पडतं.

त्या दाराचा विचार कायद्यानं फार लवकर केला होता. १८५० सालचा एकोणिसावा कायदा उमेदवारीचा आहे. धर्मादायावर वाढणाऱ्या अनाथ आणि गरीब मुलांना एखादा धंदा शिकता यावा, म्हणजे वयात आल्यावर पोट भरता येईल, हा त्याचा उघड सांगितलेला हेतू. दहाच्या पुढच्या आणि अठराच्या आतल्या मुलाला जास्तीत जास्त सात वर्षं उस्तादाच्या हाताखाली बांधून देता येई. ही मुदत एकविसाव्या वर्षापलीकडे जायची नाही, मुलीच्या बाबतीत लग्नापलीकडे नाही. ‘बांधून’ हा शब्द कानाला टोचतो आणि टोचायलाच हवा. मालकाला स्वस्तात हात मिळण्याची सोय त्यात होतीच. तरी अठरा ते एकवीस ही वर्षं निसरडी असतात, एवढं कायदा करणाऱ्यांना कळलेलं दिसतं.

आमच्या सोलापूर जिल्ह्यातला पंढरपूरचा अनाथाश्रम १८७५ सालचा, प्रार्थना समाजाच्या मंडळींचा. पुढच्याच वर्षी मोठा दुष्काळ पडला. केडगावला पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळातल्या मुली आणल्या, त्यांना विणकाम, शेती, छपाई शिकवली. रमाबाईंचं मराठी बायबल तिथल्याच छापखान्यात मुलींच्या हातांनी छापलं गेलं. काम मोठंच. पण अशा संस्थांतून मुलीनं बाहेर पडायचं म्हणजे बहुधा लग्न करून. नाहीतर तिथंच राहायचं.

मला या सगळ्यात सगळ्यांत पुरं वाटणारं उदाहरण संस्थेचं नाही, घराचं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी काशीबाई नावाच्या विधवेचा मुलगा दत्तक घेतला, यशवंत. त्याला डॉक्टर केलं. १८८७ साली जोतीरावांनी मृत्युपत्र करून ते रीतसर नोंदवलं. हे मृत्युपत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो ते जोतीरावांच्या व्यवहारज्ञानासाठी. आपल्यामागं या मुलाला ‘तू कोण?’ असं विचारलं जाईल, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आणि विचारलं गेलंच. १८९० मध्ये जोतीराव गेले तेव्हा दत्तक मुलानं टिटवं धरायला भाऊबंदांनी हरकत घेतली, आणि सावित्रीबाईंनी ते स्वतः हातात घेतलं. नाव, शिक्षण, कागद आणि भांडणाच्या वेळी उभं राहणारं माणूस, एवढं सगळं यशवंतला मिळालं.

विसाव्या शतकात हा विषय सरकारकडं गेला. १९२४ चा मुंबई बालक कायदा, मग १९४८ चा. पुढं ‘अनुरक्षण गृह’ असा भारदस्त शब्द आला. बालगृहातून निघालेल्यांनी थोडे दिवस राहायची जागा म्हणजे अनुरक्षण गृह. जिथं राहायचं त्या मुलालाच हा शब्द नीट उच्चारता येत नाही. आज २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम ४६ अठरा वर्षं पूर्ण झालेल्याला आर्थिक मदतीची तरतूद करतं. साधारण एकविसापर्यंत, अपवादानं तेविसापर्यंत. मिशन वात्सल्यमध्ये त्यासाठी महिना ४,००० रुपये धरले आहेत. २०१८ साली महाराष्ट्रानं अनाथांसाठी शिक्षणात आणि नोकरीत एक टक्का समांतर आरक्षण ठेवलं, तेही अनाथाश्रमात वाढलेल्या एका तरुणीनं स्पर्धा परीक्षेत अडल्यावर पाठपुरावा केला म्हणून. सुरुवातीची अट अशी की आईवडील, नातलग, जात यांतलं काहीच माहीत नसावं. एखाद्याला मामाचं नाव आठवत असेल तर तो बाद! नंतर ती सैल झाली.

दुधनीत हे कागद कसे चालतात ते सांगतो. आमचं गाव तुरीच्या अडतीवर जगतं. घरात कन्नड, तहसिलीत मराठी, आणि दोन्हीकडं व्यवहार ओळखीवर. नवा हमाल आला की अडत्या विचारतो, ‘यार मगा?’ कुणाचा मुलगा? उत्तर पटलं तर उचल मिळते, खोली मिळते, आजारी पडला तर डबाही मिळतो. बालगृहातून आलेला एक पोरगा गेली दोन वर्षं इथं आहे. पोती उचलतो, हिशेब चोख. खोलीमालकानं जामीन मागितला तेव्हा त्यानं प्लास्टिकच्या पिशवीतून अनाथ प्रमाणपत्र काढून दाखवलं. मालकानं ते उलटसुलट पाहिलं आणि म्हणाला, ‘हे ठीक आहे, पण भाडं थकलं तर मी कुणाच्या दारात जाऊ?’ जामीन मी राहिलो. गावात दुसरा मार्ग नव्हता.

मदतीचा अर्ज मात्र अजून अडलेला आहे. संस्थेचं एक पत्र लागतं, आणि त्यासाठी तो तीनदा सोलापूरला जाऊन आला. दर खेपेला एका दिवसाची हमाली बुडते. येत्या पौषात त्याला एकविसावं पूर्ण होईल. नेमके ते तुरीच्या आवकेचे दिवस; त्या दिवसांत रजा मागितली तर अडत्या दुसरा माणूस लावतो.