चाचणीत थांबलेले सोयाबीन

वरण-भात हे आपले रोजचे जेवण आहारशास्त्राच्या दृष्टीनेही चांगले असते. डाळींच्या प्रथिनांत मेथिओनीन हे अमिनो आम्ल कमी असते, तर तांदळाच्या प्रथिनांत लायसीन कमी असते. दोन्ही एकत्र आली, की एकाची उणीव दुसरे भरून काढते. सोयाबीनही डाळींच्याच कुळातले. त्यात प्रथिने भरपूर, पण मेथिओनीन कमी. म्हणून कोंबड्यांच्या सोयाबीनयुक्त खाद्यात ते बाहेरून मिसळावे लागते. ही उणीव बियाण्यातच भरून काढता आली तर? या साध्या प्रश्नातून जनुकांतरित अन्नाच्या इतिहासातले एक बोधप्रद प्रकरण घडले.

एका सजीवाचा डीएनए दुसऱ्यात घालण्याचे तंत्र कोहेन आणि बॉयर या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९७३ साली जिवाणूंवर यशस्वी करून दाखवले. १९८०च्या दशकात ते वनस्पतींपर्यंत पोचले. १९९४ साली उशिरा मऊ पडणारा जनुकांतरित टोमॅटो अमेरिकेच्या बाजारात आला. याच सुमारास पायोनियर हाय-ब्रेड ही बियाणे कंपनी सोयाबीनवर काम करत होती. ॲमेझॉनच्या जंगलातील एका उंच वृक्षाच्या बीला ब्राझील नट म्हणतात. त्यातील एका प्रथिनात मेथिओनीन विपुल असते. त्या प्रथिनाचे जनुक सोयाबीनमध्ये घातले, आणि त्यातील मेथिओनीन खरोखरच वाढले.

पण एक अडचण होती. ब्राझील नट काही लोकांना सोसत नाही. खाल्ल्यावर अंगावर गांधी उठतात, कधी श्वासही कोंडतो. या ॲलर्जीस कारणीभूत असलेले प्रथिन नेमके हेच तर नसेल?

नेब्रास्का विद्यापीठातील संशोधकांनी याची तपासणी केली. ॲलर्जी असलेल्या व्यक्तीच्या रक्तात त्या विशिष्ट प्रथिनाला ओळखून चिकटणारी प्रतिपिंडे असतात. अशा ९ जणांच्या रक्तातील सीरम घेऊन त्या प्रथिनाशी त्याचा संयोग होतो का, हे पाहिले. ९ पैकी ८ जणांच्या बाबतीत तो झाला. मग ३ जणांच्या त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून सुईने हलकेच टोचले. साध्या सोयाबीनच्या अर्काने काही झाले नाही. नव्या सोयाबीनच्या अर्काने मात्र गांध उठली. हे निष्कर्ष १९९६ साली प्रसिद्ध झाले. कंपनीने प्रकल्प सोडून दिला. ते सोयाबीन बाजारात कधीच आले नाही.

हे सोयाबीन मुख्यतः जनावरांसाठी होते, मग ते का सोडावे? कारण शेत, गोदाम, वाहतूक आणि गिरणी या वाटेवर जनावरांचे सोयाबीन आणि माणसांचे सोयाबीन वेगळे ठेवणे अवघड असते. ही भीती किती रास्त होती, ते मक्याने दाखवले. ‘स्टारलिंक’ या जनुकांतरित मक्याला १९९८ साली अमेरिकेत केवळ पशुखाद्य व औद्योगिक वापरासाठी परवानगी मिळाली होती. २००० साली तो माणसांच्या खाण्यातील टॅको या पदार्थात सापडला, आणि शेकडो खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले.

या मक्यातील कीडनाशक प्रथिन मातीतल्या जिवाणूपासून घेतलेले होते. ते पूर्वी कोणाच्या आहारात नव्हते. म्हणजे तपासणीसाठी ॲलर्जी असलेल्यांचे सीरमही उपलब्ध नव्हते. अशा वेळी अप्रत्यक्ष कसोट्या लावाव्या लागतात. प्रथिन जठररसात लवकर पचते का? उष्णतेने त्याची रचना मोडते का? ज्ञात ॲलर्जीकारक प्रथिनांशी त्याचे साम्य आहे का? स्टारलिंकचे प्रथिन सहज पचत नव्हते, म्हणूनच त्याला माणसांच्या अन्नात परवानगी नव्हती. पुढे २००१ साली तक्रारदारांच्या रक्ततपासणीत या प्रथिनाच्या ॲलर्जीचा पुरावा मिळाला नाही. तरीही परवानगी नसलेली वस्तू ताटात पोचली, ही गोष्ट उरतेच.

आपल्याकडे हा वाद वांग्याच्या निमित्ताने आला. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वांग्याला २००९ साली तज्ज्ञ समितीने मान्यता दिली. त्यानंतर नागपूरसह सात शहरांत जनसुनावण्या झाल्या आणि फेब्रुवारी २०१० मध्ये केंद्र सरकारने स्थगिती दिली. स्वतंत्र चाचण्या आणि लोकांचा विश्वास हे मुद्दे त्यामागे होते. बांगलादेशाने २०१३ साली तेच तंत्रज्ञान स्वीकारले.

ब्राझील नटाचे प्रकरण दोन्ही बाजू सांगतात. विरोधक म्हणतात, हा धोक्याचा पुरावा. समर्थक म्हणतात, हा चाचणीच्या यशाचा पुरावा. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. जनुक एका सजीवातून दुसऱ्यात नेले, एवढ्यावरून अन्न घातक ठरत नाही आणि निर्धोकही ठरत नाही. म्हणून वर्गात ‘जनुकांतरित अन्न चांगले की वाईट?’ असा वादविवाद ठेवण्याऐवजी एकेक पीक घेऊन विचारू या: जनुक कोठून आणले? त्यापासून कोणते प्रथिन बनते? ते कोण खाणार? कोणी, कशी तपासणी केली? आणि ते इतर धान्यात मिसळले तर काय होईल?