धुराला अडवून मिळवलेली ऊब

देशावरून वा कोकणातून नोकरीनिमित्त सिमला किंवा श्रीनगर येथे जाऊन राहिलेल्या माणसास विस्तवाची नवी ओळख होते. आपल्याकडे चूल ही मुख्यतः स्वयंपाकासाठी. ऊब हा तिचा जाता जाता मिळणारा प्रसाद. पहाडात मात्र हिवाळ्यात बुखारीवाचून खोलीत बसवत नाही. आणि बसल्यावर ध्यानात येते, की बुखारीपुढच्या माणसाचे गुडघे भाजतात, तर कोपऱ्यातल्या खाटेवरची म्हातारी कुडकुडतच राहते. सरपण पुष्कळ जळते. वाटणी मात्र विषम होते. ही वाटणी सुधारण्यासाठी माणसाने केलेल्या खटपटीचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

अठराव्या शतकात अमेरिकेतील फिलाडेल्फिया नगरात घरोघरी भिंतीत उघडी शेकोटी असे. तिची बहुतेक उष्णता धुराड्यावाटे आकाशात जाई. उलट धुराड्याच्या ओढीने दाराखिडक्यांच्या फटींतून गार वारा आत शिरे. माणूस पुढून भाजे आणि पाठीमागून गारठे. भोवतालचे रान तुटत गेले, तसे लाकूडही दुरून आणावे लागून महाग झाले. तेव्हा बेंजामिन फ्रँकलिन याने एक लोखंडी शेगडी योजली व १७४४ साली तिच्यावर पुस्तिका प्रसिद्ध केली. या शेगडीत धूर एका पोकळ पेटीवरून जाऊन मागे खाली उतरे आणि मग धुराड्यास मिळे. पेटीतून बाहेरची ताजी हवा तापून खोलीत पसरे. प्रांताच्या गव्हर्नराने त्याला या शोधाचे पेटंट देऊ केले, ते त्याने नाकारले. इतरांच्या शोधांचा लाभ आपण घेतो, तर आपल्या शोधाचा लाभही इतरांस मोकळ्या मनाने द्यावा, अशी त्याची भूमिका होती.

परंतु थोर माणसाच्या हेतूने धूर आपला स्वभाव बदलत नाही. धुराला खाली उतरावयास लावायचे, तर पुढचे धुराडे आधी चांगले तापलेले हवे. ते गार असले, की धूर उलटून खोलीत येई. पुढे इतरांनी धुराची वाट सरळ करून ही शेगडी सुधारली.

याच प्रश्नाला दुसरे उत्तर मिळाले स्वीडनमध्ये. त्या देशाचे लोखंडाचे कारखाने कोळशावर चालत आणि कोळसा रानातून येई. त्यातच दीर्घ हिवाळ्याचे जळण. रानांची चिंता वाटून सरकारने १७६७ साली कार्ल योहान क्रोन्स्टेट आणि फाबियन व्रेदे या दोघांकडे कमी लाकडात अधिक ऊब देणारी शेगडी तयार करण्याचे काम सोपवले. त्यांनी विटांच्या उंच शेगडीत धुराला वर, खाली आणि पुन्हा वर असे फिरविले. वाटेत धूर आपली उष्णता विटांना देई आणि निवून बाहेर पडे. थोडा वेळ जाळ केला, की विस्तव विझल्यावरही विटा कित्येक तास खोलीभर सौम्य ऊब देत राहत. मात्र ऊब राखण्याच्या लोभाने निखारे धुमसत असतानाच धुराड्याची झडप लावली, तर विषारी वायू कोंडून झोपलेली माणसे प्राणास मुकत. म्हणून अडवायचा तो ताप, धूर नव्हे, हे भान सुटता कामा नये.

या विद्येचा सूक्ष्म अंश आपल्याही घरी होता. चुलीच्या शेजारचा वैल आठवावा. मुख्य चुलीचा जाळ आतल्या वाटेने वैलाखाली येई आणि त्यावर आमटी रटरटत राही किंवा दूध तापे. निघून जाणाऱ्या जाळाकडून आणखी एक काम करून घेण्याचे हे शहाणपण आपल्या आज्यांना कुणी पुस्तकातून शिकविले नव्हते. काश्मिरातल्या हमामातही दगडी फरशीखाली लाकूड जळते. फरशी तापते, त्याच विस्तवावर तांब्याच्या हंड्यातले पाणीही तापते, आणि वर सारे सारख्या उबेत बसतात.

लोखंड लवकर तापते व लवकर निवते. वीट आणि दगड सावकाश तापतात, पण दिलेले पुष्कळ काळ जपून ठेवतात. घर उबदार करण्यास लाकडाची रास वाढवावी लागत नाही. धुराला घरातून जाण्यापूर्वी थोडे थांबवावे लागते. तो थांबला, की रानातली काही झाडे वाचतात, आणि कोपऱ्यातल्या म्हातारीलाही तिचा वाटा पोचतो.