बॉनचा पट आणि नागसेनवन
छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाला ज्यांचे नाव आहे, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लंडनमध्ये शिकत असताना, १९२१ मध्ये, प्रशियाच्या शिक्षण खात्याला जर्मन भाषेत पत्र लिहून बॉन विद्यापीठात प्रवेश मागितला आणि पुढे तो मिळवला. मात्र ‘इमाट्रिक्युलेशन’, म्हणजे विद्यापीठाच्या पटावर रीतसर नाव चढणे, ही एक गोष्ट आणि परक्या गावात रुळणे ही निराळी. लंडनचा प्रबंध हाती असलेल्या या विद्यार्थ्याचे नाव व्याख्यानांना हजेरी नसल्याने पुढे पटावरून कमी झाले. परक्या गावात रुळण्याचा हाच प्रश्न पुढे इथल्या विद्यार्थ्यांपुढेही होता. आंबेडकरांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेत (आजच्या छत्रपती संभाजीनगरात) काढलेल्या महाविद्यालयाला, म्हणजे पुढच्या ‘मिलिंद’ला, जोडून नागसेनवन परिसरात वसतिगृहेही उभी राहिली, आणि खेड्यापाड्यांतून प्रथमच शहरात आलेली दलित मुले तेथे राहून शिकू लागली.