मायल क्रीकचा धडा

ऑस्ट्रेलियाचा इतिहास म्हटला की १७७० चा कॅप्टन कुक आठवतो. तेथे हजारो वर्षे नांदत आलेले आदिवासी मुलांना सांगायचे राहून जातात आणि १० जून १८३८ तर कोणी उच्चारीतही नाही.

त्या दिवशी न्यू साउथ वेल्समधील मायल क्रीक येथे, एका कुरणावर विश्वासाने मुक्कामास असलेल्या किमान २८ आदिवासींची कत्तल झाली. त्यांत बहुतेक स्त्रिया, मुले व म्हातारे. आदिवासींची साक्ष न्यायालय त्या काळी मानीतच नसे. तेथल्या झोपडीवरचा कैदी नोकर जॉर्ज अँडरसन मात्र आपल्याच लोकांविरुद्ध उभा राहिला. (अशा साक्षीचे मोल आपल्या घरांतील मुलांना निराळे सांगावे लागू नये.) पहिल्या खटल्यात अकराही आरोपी सुटले, दुसऱ्यात सातजणांना फाशी झाली.

‘न्याय झाला’ म्हणून शिक्षकाने येथेच पुस्तक मिटू नये. फाशी गेलेले सारे कैदी म्हणून त्या देशात आलेले होते. टोळीत तसा न आलेला एकटाच, जॉन फ्लेमिंग. तो निसटला; त्याच्यावर खटला कधीच चालला नाही. असे का, हे मुले विचारतील. विचारू द्यावे.

२००० साली तेथे स्मारक उभारले गेले, तेव्हा मारणाऱ्यांचे आणि मारले गेलेल्यांचे वंशज शेजारी शेजारी उभे होते.